जनगणनेचे आकडे एका रेषेत आणताना: प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

कामाला सुरुवात. १९०१ ते २०११ या काळातल्या भारताच्या जनगणनांचे आकडे एकाच तक्त्यात आणायचे. प्रश्न मोजकेच: माणसं किती, राहतात कुठं, वाचता येणारे किती, काम कोण करतं, कोणती भाषा बोलतात. देश बदलला हे सगळेच सांगतात. नेमकं काय बदललं, कोणत्या दशकात, आणि त्यातला किती बदल माणसांमधला व किती मोजणाऱ्यांमधला, हे वेगळं करून दाखवणारी फाइल मला कुठंच मिळाली नाही. म्हणून हा खटाटोप.

जनगणनाच का? आपल्याकडे इतका लांब आणि सलग धागा दुसरा नाही. १८७२ ची पहिली मोजणी सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. १८८१ पासून मात्र दर दहा वर्षांनी नेमाने मोजणी झाली, अगदी १९४१ च्या युद्धकाळातही. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली, जन्म-मृत्यू टिपणारी नमुना नोंदणी पद्धत तिच्याही पुष्कळ नंतर.

साधनं: पायथन, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि एक साधी स्प्रेडशीट. प्रत्येक आकड्याशेजारी 'टीप' नावाचा कॉलम सक्तीचा. तो रिकामा असेल तर ती ओळ तक्त्यात घ्यायची नाही.

६ मे

पहिला प्रश्न सीमेचा. जुन्या अहवालांतली एकूण संख्या जशीच्या तशी उचलली तर असं दिसतं: १९३१ मध्ये ३५.२८ कोटी, १९४१ मध्ये ३८.९ कोटी, १९५१ मध्ये ३६.११ कोटी. म्हणजे स्वातंत्र्याच्या दशकात देशाची लोकसंख्या जवळपास पावणेतीन कोटींनी घटली! अर्थात तसं काही झालेलं नाही. १९३१ च्या आकड्यात ब्रह्मदेशही आहे, १९४१ च्या आकड्यात आजचे पाकिस्तान आणि बांगलादेश आहेत. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं मोजलं तर आकडे २७.९०, ३१.८७ आणि ३६.११ कोटी असे येतात आणि रेषा सरळ वर जाते.

जनगणना कार्यालयाचा ए-२ तक्ता हे काम बऱ्याच अंशी करून देतो. त्यात १९०१ पासूनची लोकसंख्या आजच्या हद्दींनुसार लावलेली असते. राष्ट्र आणि राज्य पातळीवर तोच आधार धरायचं ठरवलं. मूळ अहवालातला आकडाही शेजारच्या कॉलममध्ये ठेवणार आहे. जुना अहवाल उघडणाऱ्याला दोन आकडे का वेगळे आहेत ते तिथंच कळावं.

आणखी तीन टिपा याच बैठकीत लिहिल्या. १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मिरात जनगणना झाली नाही, त्यामुळे देशाच्या बेरजेत तिथले आकडे अंदाजाचे आहेत. आणि १९३१ पर्यंत मोजणी एका रात्रीची होती: त्या रात्री माणूस जिथं असेल तिथं त्याची नोंद. त्यासाठी चांदणी रात्र बघत, जत्रा आणि लग्नाचे मुहूर्त टाळत. १९४१ पासून नेहमीच्या राहत्या ठिकाणी नोंद होऊ लागली. लाखोंच्या बेरजेत याने फारसा फरक पडत नाही, पण यात्रेच्या गावाचा किंवा बंदराचा आकडा बघताना हे ध्यानात हवं.

११ मे

लोकसंख्येची रेषा तयार झाली. १९११: २५.२१ कोटी. १९२१: २५.१३ कोटी. संपूर्ण शतकात रेषा खाली झुकलेली दिसते ती एवढ्या एका ठिकाणी.

हा झुकाव मोजणीच्या पद्धतीमुळे आलेला नाही. १९१८ च्या मे-जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या लाटेने खेडीच्या खेडी आडवी केली. मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्यात त्याच वर्षीचा अपुरा पाऊस. आलेखावर हे सगळं आठ लाखांच्या उताराएवढं दिसतं, कारण दशकातल्या उरलेल्या वर्षांच्या जन्मांनी खड्डा जवळजवळ भरून काढला. दहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींमध्ये एवढी मोठी आपत्ती अशी दबून जाते, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून या टोकाला आलेखातच मजकूर जोडतो आहे. तो टीप कॉलममध्ये ठेवला तर कुणी उघडून वाचणार नाही.

दुसरं टोक अलीकडचं. १९९१ ते २००१ या दशकात भर १८.२३ कोटींची, २००१ ते २०११ मध्ये १८.२१ कोटींची. फरक किरकोळ, पण १९११-२१ सोडलं तर आधीच्या दशकापेक्षा कमी भर पडल्याचं हे पहिलंच उदाहरण, आणि या वेळी कारण मरण नाही, कमी जन्म हे आहे. टक्केवारीतली वाढ १९६१-७१ मध्ये २४.८ होती, २००१-११ मध्ये १७.७ झाली.

१८ मे

जिल्हे. देशात १९७१ मध्ये ३५६, २००१ मध्ये ५९३, २०११ मध्ये ६४०. संपूर्ण देश एकदम घेतला तर काम संपणार नाही, म्हणून नमुन्याला महाराष्ट्र.

१ मे १९६० ला २६ जिल्हे होते. १९८१ ची जनगणना त्याच वर्षीच्या मार्चच्या सुरुवातीची, आणि सिंधुदुर्ग व जालना झाले १ मेला. त्यामुळे १९८१ च्या तक्त्यांत 'रत्नागिरी' म्हणजे बांद्यापर्यंतचा जुना जिल्हा. पुढच्या वर्षी उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली निघाले, १९९८ मध्ये वाशिम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर.

उपाय म्हणजे जोडतक्ता: नव्या जिल्ह्यांची बेरीज करून जुना जिल्हा पुन्हा उभा करायचा. रत्नागिरी अधिक सिंधुदुर्ग, अकोला अधिक वाशिम, धुळे अधिक नंदुरबार, हे सरळ जमतं. जालन्यापाशी अडलं. त्याचे बाकी तालुके औरंगाबादचे, पण परतूर आला परभणीतून. म्हणजे औरंगाबाद, जालना, परभणी आणि परभणीतूनच निघालेला हिंगोली असा चौघांचा एकच गठ्ठा करावा लागतो, नाहीतर तालुका पातळीवर उतरावं लागतं. तालुक्यांच्या हद्दीही हलल्या आहेत. सध्या गठ्ठाच ठेवला. नकाशा ओबडधोबड दिसतो, पण आकडे खरे राहतात.

२५ मे

जिल्हा जनगणना पुस्तिकांची स्कॅन केलेली पानं ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढली. ३ आणि ८, ५ आणि ६ यांची सरमिसळ होते. प्रत्येक ओळीत पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण, आणि गावांची बेरीज बरोबर तालुका, अशा दोन तपासण्या लावल्या. जिथं बेरीज जुळत नाही ते पान डोळ्यांनी वाचायचं.

१ जून

साक्षरता. सगळीकडे फिरणारी मालिका अशी: १९५१ मध्ये १८.३ टक्के, १९६१ मध्ये २८.३, १९७१ मध्ये ३४.५, १९८१ मध्ये ४३.६, १९९१ मध्ये ५२.२, २००१ मध्ये ६४.८, २०११ मध्ये ७३.

या रेषेत एक सांधा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी दाखवलेला नसतो. १९७१ पर्यंतचे टक्के पाच वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येचे आहेत, १९८१ पासूनचे सात वर्षं आणि त्यावरच्या. १९९१ मध्ये सात वर्षांखालच्या मुलाला साक्षर न धरण्याचं ठरलं आणि १९८१ चा आकडा त्या हिशेबाने पुन्हा काढला गेला. पाच वर्षांवरच्यांचा हिशेब ठेवला तर १९८१ चा आकडा ४१.४ येतो. दोन टक्क्यांहून जास्त फरक नुसत्या वयोमर्यादेचा. म्हणून १९८१ ला दोन बिंदू काढले आणि रेषा तिथं तोडली.

व्याख्येचा इतिहासही वाचनीय आहे. १८८१ आणि १८९१ मध्ये माणसांचे तीन वर्ग होते: शिकणारे, साक्षर, निरक्षर. १९०१ पासून दोनच उरले. १९११ मध्ये कसोटी ठरली ती अशी, की मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं उत्तर वाचता यावं. आता कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणं ही अट आहे, पण प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन नोंद करणारा, कुणाची परीक्षा घेत नाही. घरातलं माणूस सांगेल ते लिहून घेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचं शिक्षण फारसं झालेलं नाही अशांच्या हातात वाक्याचं कार्ड देऊन वाचायला सांगतात. दोन्हींना 'साक्षरता' म्हणतात म्हणून ते आकडे एका आलेखात घालायचे नाहीत.

हे सगळं वेगळं काढल्यावर जे उरतं ते लखलखीत आहे. १९५१ मध्ये दर शंभर स्त्रियांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या, ८.९ टक्के. २०११ मध्ये ६४.६. पुरुष आणि स्त्रियांमधलं अंतर आधी एकंदरीत वाढलं, १९८१ मध्ये २६.६ टक्क्यांवर पोहोचलं, आणि मग घटत २०११ मध्ये सव्वासोळावर आलं. शाळा आधी मुलांसाठी उघडल्या आणि मुली एका पिढीने मागून आल्या, हे इथं सरळ वाचता येतं. निरक्षरांची प्रत्यक्ष संख्या पहिल्यांदा घटली ती १९९१-२००१ या दशकात, सुमारे ३२.९ कोटींवरून ३०.४ कोटींवर. टक्केवारी त्याच्या कितीतरी आधीपासून सुधारत होती.

८ जून

आज दिवसभर एकाच तक्त्यावर. स्त्रियांचा कामातला सहभाग.

१९६१ मध्ये एकूण स्त्रियांपैकी २८ टक्के 'काम करणाऱ्या'. १९७१ मध्ये हा आकडा निम्म्यावर येतो. १९८१ मध्ये १९.७, १९९१ मध्ये २२.३, २००१ मध्ये २५.६, २०११ मध्ये २५.५.

साठच्या दशकात निम्म्या बायका शेतातून उठून घरी बसल्या का? अजिबात नाही. १९६१ च्या व्याख्येत हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभरापेक्षा जास्त नियमित काम करणारी व्यक्ती काम करणाऱ्यांत धरली जाई. १९७१ मध्ये प्रश्न झाला, 'मुख्य काम कोणतं?' जी बाई पहाटे पाणी भरते, भाकरी थापते, मग दिवसभर खुरपते आणि संध्याकाळी गुरांचं बघते, तिच्या घरातल्या पुरुषाने या प्रश्नाला उत्तर दिलं, 'घरकाम'. तिचं खुरपणं झालं दुय्यम काम, आणि एकूण आकड्यातून ती गेली.

हे चुकतंय हे जनगणनेच्या लोकांनाही कळलं होतं. १९८१ मध्ये 'मुख्य' आणि 'सीमांतिक' असे काम करणाऱ्यांचे दोन भाग केले: वर्षातले १८३ दिवस किंवा जास्त काम करणारे पहिल्यात, त्याहून कमीवाले दुसऱ्यात. १९९१ मध्ये प्रश्नातच स्पष्ट जोडलं की घरच्या शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरायचं. १९८१ नंतरची चढण वाचताना ही दुरुस्ती विसरता येत नाही. २०११ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी दर दहांतल्या चार सीमांतिक आहेत.

निर्णय: या विषयाची सलग रेषा काढायची नाही. १९६१, १९७१ आणि १९८१ पासून पुढे, असे तीन सुटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याखाली त्या वर्षीचा प्रश्न मराठीत पूर्ण लिहायचा. बघणाऱ्याला आलेख तुटक वाटेल, तर वाटू दे. इथं सलग रेषा काढणं म्हणजे कोट्यवधी बायकांच्या श्रमाबद्दल खोटं बोलणं होईल.

शहरीकरणाचंही थोडक्यात असंच. १९५१ मध्ये १७.३ टक्के, १९६१ मध्ये १८ टक्के, आणि लोक म्हणतात शहरं थबकली. १९६१ मध्ये गावाला 'शहर' म्हणायच्या अटी कडक झाल्या: किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची घनता, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊणभाग शेतीबाहेर. कित्येक गावं यादीतून गळाली. त्याच अटींमुळे पुढे उलट घडलं. कागदोपत्री ग्रामपंचायत असलेली, पण अटी पुऱ्या करणारी 'जनगणना शहरं' २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,९०० च्या घरात गेली. आणि या अटीतही 'काम करणारे पुरुष'च मोजतात.

१६ जून

आज राजपत्रात अधिसूचना निघाली. पुढची जनगणना २०२७ मध्ये, संदर्भ दिनांक १ मार्च. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे दोन मोजण्यांमधलं अंतर सोळा वर्षांचं. १८८१ पासून असं कधी झालं नव्हतं. दशकवाढ काढणारी माझी सगळी सूत्रं 'दर वर्षी सरासरी' या रूपात बदलून घेतली. नाहीतर २०२७ चा आकडा आल्यावर 'वाढ अचानक उसळली' असं दिसेल.

जातीची नोंद होणार हे ३० एप्रिललाच जाहीर झालं होतं. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ मध्ये.

२२ जून

भाषा. जे उत्तर लोक आपल्या शब्दांत देतात त्याचं काय होतं, हे इथं दिसतं. २०११ मध्ये मातृभाषेच्या रकान्यात १९,५६९ वेगवेगळी नावं आली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि त्या बसवल्या १२१ भाषांमध्ये. हिंदीच्या ५२.८ कोटींत एकट्या भोजपुरीचे पाच कोटी आहेत. जातीच्या बाबतीत हेच झालं: १९३१ च्या मोजणीत ४,१४७ जाती, आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात पाहणीत नावं आली तब्बल ४६ लाख. शब्दलेखनं, आडनावं, पोटजाती, सगळं एकत्र. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं. २०२७ मध्ये याद्या आधी बनवल्या नाहीत तर पुन्हा तीच गत.

जवळून पाहण्यासाठी खानदेशी घेतली, जिच्यात अहिराणी येते. २००१ मध्ये २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. त्याच काळात देशाची लोकसंख्या १७ टक्क्यांहून जास्त वाढलेली. बोलणारी माणसं कुठं गेली? कुठंच नाही. शक्यता दोन: लोक स्वतःच 'मराठी' सांगू लागले, किंवा प्रगणकाने तसं लिहून घेतलं. पहिली असेल तर तो समाजातला खरा बदल आहे, कारण मुलाला शाळेत ऐकून घ्यावं लागू नये म्हणून आईबाप घरची बोली झाकतात. दुसरी असेल तर तो नोंदीतला बदल. फक्त जनगणनेवरून याचा निकाल लागत नाही. टीप कॉलममध्ये दोन्ही शक्यता लिहिल्या.

२९ जून

रत्नागिरी. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. २००१ मध्ये ११३६. संपूर्ण राज्याचा आकडा ९२९, मुंबई शहराचा ८३२. हे तीन आकडे मी एकाच चौकटीत छापणार आहे, कारण ते एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. गिरण्यांच्या काळापासून कोकणातले पुरुष मुंबईला कमवायला गेले आणि बायका घर-शेत सांभाळत गावी राहिल्या.

रत्नागिरीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मात्र हजार मुलग्यांमागे मुली हजारापेक्षा कमीच आहेत. म्हणजे वरचा मोठा आकडा मुलींच्या स्वागताचा नाही, गेलेल्या पुरुषांचा आहे. रत्नागिरीला 'स्त्रियांना अनुकूल जिल्हा' म्हणणारे आलेख पाहिले की राग येतो.

२००१ ते २०११ मध्ये आणखी एक बदल. रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ वरून ८.५० वर. मुंबई शहराचीही ३३.४ वरून ३०.९ लाखांवर घटली. त्याच वेळी ठाणे एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला. चाकरमानी आता गिरणगावात राहत नाही, तो डोंबिवली-विरारकडे सरकला आहे आणि बायकामुलंही सोबत नेतो. लिंग गुणोत्तर ११३६ वरून ११२२ वर येण्यामागे हेच असावं, असं मी धरून चाललो आहे. स्थलांतराचे डी तक्ते लावून तपासायचं.

याच बैठकीत बालकांचे आकडे, म्हणजे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली किती. देशात १९६१ मध्ये ९७६, १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७, २०११ मध्ये ९२० च्याही खाली. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा. बीडमध्ये २००१ चे ८९४ ते २०११ चे ८०७. या ओळीसाठी व्याख्येचा, हद्दीचा कुठलाच आडोसा सापडत नाही. शोधून पाहिला.

७ जुलै

वयाचे तक्ते, सी-१३. एकेका वर्षाचे स्तंभ काढले की ३०, ३५, ४०, ४५ वर कळस दिसतात आणि ३१, ३९, ४१ वर दऱ्या. वय विचारलं की माणूस 'चाळिशीचा' सांगतो. प्रगणकांना म्हणूनच स्थानिक घटनांची यादी देतात: अमक्या पुराच्या वर्षी जन्म झाला होता का, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता.

हा गोलपणा मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. २३ ते ६२ या वयांतल्या लोकांपैकी शून्य किंवा पाचवर संपणारं वय सांगणारे अपेक्षेपेक्षा किती जास्त आहेत, ते तो सांगतो. शंभर म्हणजे अजिबात गोलपणा नाही, पाचशे म्हणजे सगळ्यांनीच गोल वय सांगितलं. मी तो प्रत्येक जिल्ह्यासाठी, पुरुष-स्त्रिया वेगळे धरून काढतो आहे. नेहमी याला दोष मानून गुळगुळीत करून टाकतात. मला हा स्वतंत्र पुरावा वाटतो. ज्या समाजात जन्मदाखला, शाळेचा दाखला, ओळखपत्र घरोघरी पोहोचतं तिथं हे कळस बसके होतात. साक्षरतेबद्दल माणूस काय सांगतो यापेक्षा, त्याला स्वतःचं वय नेमकं माहीत आहे का यावरून शासन त्याच्यापर्यंत किती पोहोचलं ते जास्त भरवशाने कळतं.

१३ जुलै

घरयादीचे तक्ते. २००१ ते २०११: वीज असलेली घरं ५५.८ वरून ६७.२ टक्के, टीव्ही ३१.६ वरून ४७.२, रेडिओ ३५.१ वरून १९.९. फोन २०११ मध्ये ६३.२ टक्के घरांत, आवारात शौचालय ४६.९ टक्के घरांत. शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले. टीप लागत नाही.

२० जुलै

पहिली आवृत्ती बांधून झाली. प्रत्येक आलेखासोबत तीन गोष्टी जातील: त्या वर्षीचा प्रश्न, हद्द कोणती धरली, आणि कोण मोजलं गेलं नाही.

२०११ नंतरचं काय करायचं हा प्रश्न होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आल्या आहेत, आणि जनगणनेच्या ९४३ शी तो आकडा जोडून 'दहा वर्षांत चमत्कार' असं सांगितलं जातं. ती नमुना पाहणी आहे, निवडलेल्या घरांत आदल्या रात्री असलेल्यांची. वसतिगृहं, बराकी, कामगारांच्या वस्त्या तिच्यात येत नाहीत, आणि तिथं पुरुषच जास्त असतात. म्हणून पाहण्यांचे बिंदू वेगळ्या रंगात, कोणत्याही रेषेला न जोडता. जन्मदरासाठी मात्र पाहणी आणि नमुना नोंदणी दोन्ही एकच दिशा दाखवतात: नोंदणीत १९७१ चा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) ५.२, पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत ३.४, २०१९-२१ च्या फेरीत २.०. तिथं दोन्ही मालिका एका चौकटीत चालतील, रेषा दोन.

२०२७ साठी रकाने करून ठेवले. प्रश्नावली छापली जाईल तेव्हा स्त्रियांच्या कामाचा प्रश्न सर्वांत आधी, शब्दशः उतरवून घ्यायचा आहे.